चहा शून्यानंतर

मागच्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कालव्याला उन्हाळी पाण्याची पाळी, म्हणजे आवर्तन, सुटण्याच्या आदल्या दिवशी, पाटबंधारे खात्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या एका शाखा अभियंत्याने स्वतःच्या सत्कारासाठी बसवलेली ग्रॅनाइटची फरशी छिन्नी-हातोड्याने स्वतः फोडली. ठिकाण ओझरच्या पुढे, कालव्याच्या शेवटच्या वितरिकेवर. मांडवात बसलेली माणसं उठून काठावर येऊन उभी राहिली होती. शाल, श्रीफळ आणि फेटा टेबलावर तसेच होते.

मी तिथे होतो. बातमीसाठी नव्हे, सत्कार करणाऱ्यांनी बोलावलं म्हणून गेलो होतो.

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. उघड्या कालव्यातून किती पाणी गेलं हे मोजायचं असेल तर एका ठिकाणी दोन्ही भिंती जवळ आणून वाट अरुंद करतात आणि तळ थोडा उचलतात. त्या गळ्यातून जाताना पाणी मागे जितकं चढतं, तितकी उंची बाजूच्या पट्टीवर वाचायची. उंचीवरून पाणी किती, ते तक्त्यात मिळतं. खात्याच्या कागदात याला फ्ल्यूम म्हणतात, गावात नुसती ‘मोजणी’. वरच्या गावांची पाणी वापर संस्था आणि खालच्या, म्हणजे टेलच्या गावांची संस्था, यांच्यातली वाटणी या मोजणीवर चालते. पट्टीचं शून्य आणि उचललेला तळ एका पातळीत असतील तर मोजणी खरी. गाळ बसला, तळ झिजला, पट्टी सरकली, की पाणी एक आणि आकडा दुसरा.

खात्यातल्या बहुतेकांचा जीव धरणात आणि दरवाजांत असतो. यांचा मोजण्यांत होता. माघारी सगळे त्यांना झिरोसाहेब म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही त्यांना आढळलं नव्हतं.

माझी ओळख फोनवर झाली. मी तेव्हा जिल्हा पान पाहत होतो. सकाळी फोन आला.

“तुमच्याकडे छापलंय, ‘टेलला भरपूर पाणी’. भरपूर म्हणजे किती?”

“शेतकरी खूश आहेत साहेब, वार्ताहराने तसं...”

“खुशी किती, ते नाही विचारलं. पाणी किती?”

आकडा आमच्याकडे नव्हता. त्यांच्याकडे होता. तो त्यांनी दिला आणि फोन ठेवला. पुढे हे दर आवर्तनाला होऊ लागलं. ‘साधारण’, ‘जवळपास’, ‘मुबलक’ हे शब्द छापून आले की फोन यायचा. उपसंपादकांनी हे शब्द जिल्हा पानापुरते टाळायला सुरुवात केली. भाषेची काळजी म्हणून नव्हे, सकाळचा फोन नको म्हणून.

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिकची वर्तमानपत्रं नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून पाणी सांगतात. कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. मला वाटलं, यावर त्यांची हरकत असणार. एकदा पंचवटीत भेटले तेव्हा विचारलं.

“उलट तो मारुती आमच्या निम्म्या पट्ट्यांपेक्षा बरा,” ते म्हणाले. “कोणी हलवत नाही त्याला. शेंदराचे थर चढले तरी लोक कंबर कमरेलाच म्हणतात. आमच्याकडे एक थर चढला की शून्य हललं.”

त्यांच्या स्कूटरला एक पिशवी कायम अडकवलेली असे. तीत गवंडी वापरतात तशी लांब पारदर्शक नळी, एक खराटा आणि केशकर्तनालयात असतो तसा गोल आरसा. आरसा कशासाठी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मोजणीच्या कडेला एक छोटी विहीर असते, नळाने कालव्याला जोडलेली. आत पाणी हलत नाही, म्हणून पट्टी तिथे लावतात. ती अरुंद आणि अंधारी असते. साहेब उन्हाकडे तोंड करून काठावर बसत आणि आरशाने ऊन आत टाकत. मग वर काय काय येई. बेडूक, चपला, निर्माल्य, एकदा कुणाचा तरी मोबाइल. त्यांच्या हाताखालचा पाटकरी, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांना पाणी सोडणारा माणूस, एकदा म्हणाला, “साहेब, आरसा वर करून एकदा सोताकडंबी बघा की. केस पांढरे झाले.”

“केसांवर पाणी अवलंबून नाही. नळ साफ कर.”

बायका धुणं धुवायला मोजणीवर येत, कारण तिथलं काँक्रीट गुळगुळीत. साहेबांनी त्यांना हाकललं नाही. खाली, पाणी तुंबून मागे येणार नाही इतक्या अंतरावर, धुण्यासाठी उतार बांधून दिला आणि स्वतः उभं राहून पहिली बादली तिथे ठेवायला लावली. एक म्हातारी काही केल्या जाईना. “इथं पाणी जोरात येतं, साबण लवकर जातो,” असं तिचं म्हणणं. साहेबांनी मान्य केलं की म्हणणं बरोबर आहे, आणि उताराला थोडा जास्त ढाळ दिला. म्हातारी गेली.

ते नाशिकरोडच्या पुढे एका कॉलनीत राहत. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती आणि खाली खुंटीला जुनी, पिवळी पडलेली नळी. सोसायटीच्या टाकीवर त्यांनी आतून रंगाने खुणा केल्या होत्या. टँकरवाले त्या इमारतीत यायला नाखूश असत. चौकशी केली तर सांगत, “तिथं ते साहेब राहतात ना, त्यांना पाण्याआधी खुणा दाखवाव्या लागतात.”

टेलच्या संस्थेशी त्यांचा संबंध नारळावरून बिघडला आणि नारळावरूनच जुळला. पाणी आलं की मोजणीवर पूजा करायची आणि उचललेल्या तळाच्या कडेवर नारळ फोडायचा, अशी तिथली रीत. दर आवर्तनाला कडेचा एक टवका उडायचा. साहेबांनी मनाई केली. तेव्हा संस्थेचे सचिव सगळ्यांदेखत म्हणाले, “साहेबांना नारळ चालत नाय. त्यांच्यात फोडत नाहीत ना.”



“आमच्यात फोडत नाहीत, खरंय,” साहेब म्हणाले. “तुमच्यात फोडतात. फोडा. तिकडे फोडा.”

काठावर, गळ्यापासून दूर, एक काळा दगड पुरलेला होता. तो आदल्या दिवशी त्यांनीच आणून पुरून घेतला होता. संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, उठले, त्या दगडावर नारळ फोडला आणि पहिला तुकडा साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो खाल्ला. सचिव पुढे साहेबांचे सगळ्यात पक्के माणूस झाले. त्यांना आवर्तनाच्या तारखा तोंडपाठ असत आणि साहेबांच्या जेवणाचा डबा त्यांच्या घरून येई.

ही मोजणी तिथे असण्याचं कारण अण्णा होते. वरच्या गावांना पाणी मिळतं आणि आकडा मात्र आमच्या नावावर पडतो, ही त्यांची तक्रार. खात्याकडे फेऱ्या मारून त्यांनी टेलच्या तोंडाशी वेगळी मोजणी बांधून घेतली. साहेबांनी तिच्यासोबत एक रीत घालून दिली. प्रत्येक आवर्तनाआधी, कालवा कोरडा असताना, वरच्या आणि खालच्या दोन्ही संस्थांची माणसं मोजणीवर येतात. नळीत पाणी भरतात. एक टोक तळावर, एक पट्टीच्या शून्यावर. दोन्हीकडे पाणी एका पातळीत आलं की दोघांनीही ‘जुळलं’ म्हणायचं. याला ‘शून्य मिळवणं’ म्हणतात. चहाची किटली तोपर्यंत झाकलेली राहते. उशीर झाला आणि कुणी किटलीकडे पाहिलं की साहेब म्हणत, “चहा शून्यानंतर.” अण्णा म्हणत, “साहेब, तुमचं शून्य आमच्या देवापरीस कडक हाय.”

अण्णा गेले. त्यांच्या पत्नी अध्यक्ष झाल्या. गाव त्यांना ताई म्हणतं. त्यांची द्राक्षबाग अगदी शेवटच्या चारीवर आहे. एप्रिलची खरड छाटणी झाली की वेलीला पाणी लागतं, आणि त्या चारीला पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं. वर थोडं जरी कमी पडलं तरी ते कमी पडणं त्या चारीवर दिसतं.

साहेब निवृत्त झाले तेव्हा सत्काराची कल्पना सचिवांची होती. हॉल नको, साहेबांच्या आवडत्या मोजणीवरच करू. त्यांना कळू द्यायचं नाही.

मोजणी एकदा पाहून जा, एवढाच निरोप त्यांना गेला होता; त्या दिवशी साहेब स्कूटरवरून आले. पिशवी होती. मोजणीवर लाल कापड घातलेलं होतं. सचिव म्हणाले, “साहेब, दोरी ओढा.” साहेबांनी ओढली.

गळ्याचा तळ आणि दोन्ही भिंती काळ्या ग्रॅनाइटच्या झाल्या होत्या. आरशासारख्या. उजव्या भिंतीत एक पाटी होती, तिच्यावर सोनेरी अक्षरांत अण्णांचं नाव, त्यांच्या स्मरणार्थ, आणि खाली साहेबांच्या सेवापूर्तीनिमित्त. टाळ्या वाजल्या. त्याच वेळी ओझरकडून एक विमान डोक्यावरून गेलं आणि टाळ्या ऐकू येईनाशा झाल्या. साहेब तळाकडे पाहत होते. सचिव माझ्या कानाशी म्हणाले, “भरून आलंय त्यांना.”

विमान गेल्यावर साहेबांनी विचारलं, “जुना तळ काढून बसवली, की वरून?”

“वरून साहेब,” सचिव अभिमानाने म्हणाले. “आतलं तुमचं काम जसंच्या तसं ठेवलंय. त्याला हातबी लावला नाय आम्ही.”

“नळी घ्या.”

“साहेब, आधी शाल...”

“शाल शून्यानंतर.”

काही जण हसले. पाटकऱ्याने एक टोक ग्रॅनाइटवर धरलं, साहेब दुसरं टोक घेऊन पट्टीपाशी गेले. पाणी स्थिर झालं. ते पट्टीच्या शून्याच्या वर उभं होतं. साहेबांनी बोटं लावली आणि तीच बोटं ताईंना दाखवली. दोन.

“ताई, उद्या पाणी येईल. पट्टी पूर्ण दाखवेल. पाणी असेल दोन बोटं कमी.”

“दोन बोटं म्हणजे काय साहेब,” मागून कुणीतरी म्हणालं, “एवढ्या कालव्यात?”

“कालव्यात काही नाही. या गळ्यात उन्हाळ्यात पाणी असतंच केवढं? त्यात भिंतींनाही फरशी, म्हणजे वाट अरुंद. आकडा आणखी चढणार. वरचे म्हणतील, पट्टीवर पूर्ण आहे, आमचं देणं झालं. आणि ते खोटं बोलत नसतील.”

ताईंनी विचारलं, “शेवटच्या चारीचं काय?”

“पोचणार नाही.”

यानंतर बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. सचिवांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, “मग पट्टी सरकवू दोन बोटं वर. मिटलं.”

“पट्टी वर घेतली तर तळाचा फरक जाईल, भिंतींचा नाही. तक्ता जुन्या वाटेचा आहे. आणि उद्या वरची मंडळी येऊन म्हणतील, टेलवाल्यांनी पट्टी हलवली. काय सांगाल? सत्कार होता?”

“आवर्तन होऊ द्या. नंतर काढू सावकाश. उद्या तर पाणी येतंय.”

“उद्या येतंय म्हणूनच आज.”

संस्थेचा एक सभासद पुढे आला. आवाज चढलेला होता. “साहेब, राग मानू नका. पण तुम्ही आता रिटायर. कोणत्या अधिकारात फोडायला लावता?”

“सत्कारमूर्तीच्या,” साहेब म्हणाले. “फरशी माझ्या सत्काराची ना? आणि लावत नाही, मीच फोडतो.”

आता सगळे ताईंकडे पाहू लागले. त्या पाटीकडे पाहत होत्या.

“आणि नावाची?”

“तीही वाटेत आहे.”

“अण्णांचं नाव हाय त्याच्यावर.”

“वाचलं मी.”

 फरशी बसवणारा गवंडी गर्दीत उभा होता, ताई त्याच्याकडे वळल्या. “छिन्नी दे साहेबांना.”

तळाची, डाव्या भिंतीची आणि उजव्या भिंतीवर पाटीभोवतीची फरशी लवकर निघाली. तुकडे पाटकऱ्याने काठावर टाकले. पाटीला साहेबांनी हातोडा लावला नाही. बारीक छिन्नीने चारही बाजूंचं सिमेंट खरवडत बसले. गवंडी म्हणाला, “मी काढतो,” तर त्यांनी मान हलवली. मांडवातली माणसं हळूहळू पांगली. भाषणं झाली नाहीत. ऊन कलल्यावर पाटी सुटली. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. साहेबांनी ती ताईंच्या हातात दिली.

“कोपरा गेला,” ताई म्हणाल्या.

“गेला. माझ्या हातून.”

ताईंनी पाटी ट्रॅक्टरमध्ये ठेवली आणि शून्य जुळायची वाट न पाहता त्या घरी गेल्या. 

फरशीबरोबर जुन्या तळाचेही काही टवके निघाले होते. ते साहेबांनी आणि गवंड्याने मिळून लवकर आवळणाऱ्या सिमेंटने भरले, ओली पोती टाकली, नंतर पोती उचलून पुन्हा नळी लावली. सचिव, पाटकरी, गवंडी आणि मी एवढेच उरलो होतो. शून्य जुळलं.

पाटकऱ्याने विचारलं, “साहेब, आता शाल?”

“आता चहा.”

चहा गार झाला होता. तोच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी वरच्या संस्थेची माणसं आली. काठावरचा काळ्या तुकड्यांचा ढीग पाहून त्यांच्यातला एक म्हणाला, “हे काय झालं?”

सचिव म्हणाले, “सत्कार होता.”

नळी लागली, दोन्ही बाजूंनी ‘जुळलं’ म्हटलं गेलं. पाणी दुपारी आलं आणि ठरल्या खुणेला लागलं. पाळी संपायच्या आत ते शेवटच्या चारीला पोचलं, हे मी पाटकऱ्याकडून आणि सचिवांकडून, दोघांकडून वेगवेगळं विचारून घेतलं.

गावात मात्र चर्चा पाण्याची झाली नाही, पाटीची झाली. नवऱ्याच्या नावाची पाटी बायकोच्या डोळ्यांदेखत उपटली. काहींनी साहेबांच्या जातीपर्यंत विषय नेला. जो सभासद अधिकार विचारत होता, त्याने पुढच्या बैठकीत मांडलं की यापुढे निवृत्त माणसाला मोजणीवर पाऊल ठेवू देऊ नये. सचिवांनी विरोध केला. ताई अध्यक्षस्थानी होत्या. त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

रब्बीची पाळी आली तेव्हा शून्य मिळवायला खात्याचा नवा माणूस होता. साहेबांना निरोप गेला नव्हता. मी फोनवर विचारलं, जाणार का.

“बोलावलं नाही.”

“तुम्हाला वाईट वाटलं का?”

“किती, ते मोजलेलं नाही,” ते म्हणाले. मग, “त्यांचं शून्य जुळलं का, तेवढं विचारून सांगा.”

विचारलं. नव्या माणसाने नळी आणली नव्हती. पट्टी नजरेने पाहून तो गेला होता. मी साहेबांना तसंच कळवलं.  त्यांनी फोन ठेवला. त्या पाळीत शेवटच्या चारीला पाणी अपुरं पोचलं. विहिरीचा नळ गाळाने बुजला होता आणि पट्टीवर उभं असलेलं पाणी जुनं होतं, हे नंतर नळ उघडला तेव्हा दिसलं.

यंदा उन्हाळी आवर्तनाआधी साहेबांना फोन आला. सचिवांचा नव्हे, ताईंचा. फोनवर काय बोलणं झालं ते मी दोघांनाही विचारलं. साहेब म्हणाले, “तारीख सांगितली.” ताई म्हणाल्या, “नळी घेऊन या म्हटलं.”

ते आले. मीही गेलो होतो. पाटी आता काठावर, नारळ फोडायच्या काळ्या दगडामागे, जमिनीत उभी केलेली आहे. कोपरा तुटलेलाच आहे. साहेबांनी ती पाहिली. मग पायऱ्या उतरून विहिरीपाशी गेले, आरशाने ऊन आत टाकलं आणि पाटकऱ्याकडून नळ पुन्हा साफ करून घेतला. सभासदांपैकी अधिकार विचारणारा आला नव्हता. वरच्या संस्थेचे दोघे आले होते.

नळीचं तळाकडचं टोक धरायला पाटकरी वाकला, तेव्हा ताई म्हणाल्या, “हो बाजूला.” त्या कोरड्या गळ्यात उतरल्या, पदर खोचला आणि टोक तळावर धरलं. दुसरं टोक घेऊन साहेब पट्टीपाशी बसले.

“हलवू नका,” ते म्हणाले.

“मी नाय हलवत. तुम्ही बघा.”

पाणी स्थिर व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. किटली झाकलेली होती. साहेब पट्टीवर वाकले, पुन्हा वाकले.

“जुळलं,” ते म्हणाले. ताईंनी स्वतः वर येऊन पाहिलं आणि त्याही ‘जुळलं’ म्हणाल्या. वरच्या संस्थेच्या दोघांनीही म्हटलं. मग सचिवांनी किटलीचं झाकण काढलं.

पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी सुटलं. शेवटच्या चारीला ते पोचलं आहे.